तार किती लांब घ्यावी?

वार्षिक अंकासाठी लेख द्यायचा म्हटल्यावर माझ्या मैत्रिणींनी कविता दिल्या, कुणी प्रवासवर्णन लिहिले. मी मात्र लिहिते आहे तारेविषयी. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या साध्या तांब्याच्या तारेविषयी. कला शाखेच्या विद्यार्थिनीने हा उद्योग का आरंभला, असे कुणी विचारील. त्याचे कारण असे, की या तारेपायी आमच्या घरात आम्ही आजोबांना जवळजवळ बहिरे ठरवून बसलो होतो.

आजोबांना गाण्याचे वेड जुने. नाट्यसंगीत, ख्याल, भजने अशा शे-सव्वाशे तबकड्या त्यांनी नोकरीच्या काळात पैसा पैसा जमवून घेतल्या. आजी होती तोवर रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर एक तबकडी लागायचीच. आजोबा पलंगावर बसायचे आणि आजी स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून उभी राहायची. आत आमटी उकळत असली तरी आवडीचे पद संपेपर्यंत ती हलायची नाही. तीन वर्षांपूर्वी आजी गेली. त्याच सुमारास आमचा जुना रेकॉर्ड प्लेअरही मोडला, आणि ते सगळे थांबले.

गेल्या वर्षी मामाने नवे घर घेतले, तेव्हा त्याने आपला जुना पण चांगला संच आम्हाला दिला. त्यात तबकडी फिरवणारा टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर होते. तारा मात्र त्याच्या हलवाहलवीत हरवल्या. बाबांनी गावातल्या एका दुकानातून स्पीकरच्या तारांची तयार जोडी आणली. दोन्ही तारा प्रत्येकी ३ मीटर लांबीच्या, सुंदर पाकिटातल्या आणि चांगल्या महाग. घरी येऊन बाबांनी त्या जोडल्या आणि तार जिथपर्यंत पोचली तिथे स्पीकर ठेवून दिले. एक कपाटावर, दुसरा त्याच्या शेजारी स्टुलावर. संच वाजू लागला. आम्ही सर्वांनी समाधान मानले.

आजोबांनी मात्र पाच-सहा दिवस ऐकले आणि मग ऐकणे सोडले. का, म्हणून विचारले तर म्हणाले, "गाणं सगळं त्या कोपऱ्यातून येतं. माझ्या डाव्या कानाशी कुणी तरी बोलल्यासारखं वाटतं. उजवीकडे काहीच नाही."

आईच्या मनात लगेच शंका आली, की अण्णांचा उजवा कान गेला. वय एक्याऐंशी. बाबांनी कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन तपासणी करून आणली. निष्कर्ष असा निघाला, की ऐकणे वयोमानाप्रमाणे थोडे कमी झाले आहे, पण दोन्ही कानांचे अगदी सारखे. कानात घालायचे यंत्र घ्यायचे की नाही यावर घरात चर्चा सुरू झाली. आजोबा त्या चर्चेत गप्प बसून असत. त्यांचे ते गप्प बसणे मला फार लागले.

दोन्ही कान सारखे असतील तर गाणे एकाच बाजूने का येते? हा प्रश्न मी आमच्या आळीतल्या निवृत्त पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना विचारला. सारी आळी त्यांना नुसते "सर" म्हणते. सर घरी आले, आजोबांच्या पलंगावर, त्यांच्या नेहमीच्या जागी बसले, तबकडी लावायला सांगितली आणि दोन मिनिटांत हसू लागले. म्हणाले, "अहो, मलाही डाव्या कानाशीच ऐकू येतंय. म्हणजे माझाही उजवा कान गेला म्हणायचा!"

दोष कानात नव्हता. तार तोकडी होती, म्हणून दोन्ही स्पीकर खोलीच्या एकाच कोपऱ्यात दाटीवाटीने बसले होते. आम्ही तारेच्या लांबीप्रमाणे स्पीकर मांडले, आणि ऐकणारा माणूस हिशेबातच घेतला नाही. पुढे जे सारे मी सरांकडून आणि स्वतःच्या धडपडीतून शिकले, ते इथे क्रमाने मांडते.

दोन स्पीकर कशासाठी?

एका स्पीकरवर गाणे ऐकू येतेच, मग दोन कशाला? याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९३१ साली अ‍ॅलन ब्लूमलाइन नावाच्या इंग्रज अभियंत्याने एका पेटंटसाठी अर्ज केला. असे सांगतात की चित्रपट पाहताना नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज मात्र भलत्याच ठिकाणाहून, हे त्याला खटकले. दोन ध्वनिग्राहकांनी आवाज टिपावा, दोन स्वतंत्र मार्गांनी तो न्यावा आणि दोन स्पीकरांतून ऐकवावा, म्हणजे ऐकणाऱ्याला आवाजाची जागा कळेल, अशी त्याची कल्पना होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, रडारच्या चाचण्या चालू असताना विमान अपघातात तो गेला. त्याच्या कल्पनेवर आधारलेल्या स्टिरिओ तबकड्या सर्वसामान्य बाजारात येईपर्यंत १९५८ साल उजाडले. तो यश पाहायला नव्हता.

आवाज कुठून येतो हे आपण मुख्यतः दोन खुणांवरून ओळखतो. एका कानाला तो दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोचतो आणि किंचित मोठा पोचतो. समोर दोन स्पीकर असतील, दोन्हींपासून आपण सारख्या अंतरावर असू आणि दोन्हींतून एकच आवाज सारख्याच जोराने येत असेल, तर मेंदू फसतो. आवाज डावीकडून नाही, उजवीकडून नाही, तर मधल्या मोकळ्या जागेतून आल्यासारखा वाटतो. गायक मध्ये, तबला थोडा एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला असे चित्र उभे राहते ते या फसवणुकीमुळेच.

पण त्यासाठी मांडणी नेमकी हवी. दोन स्पीकर आणि ऐकणारा हे तीन बिंदू मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा, हा सर्वमान्य नियम. एखादा फूट इकडेतिकडे चालतो. मात्र ऐकणाऱ्यापासून दोन्ही स्पीकरांचे अंतर सारखे असावे. एक स्पीकर फूटभर जवळ आला तर त्याचा आवाज सेकंदाच्या जवळजवळ एक हजारांश भागाइतका आधी पोचतो, आणि तेवढ्यानेही सारे गाणे त्या बाजूला सरकते. स्पीकरमधला लहान शंकू, ज्यातून तार सप्तकातले बारीक आवाज येतात, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा. कपाटावर ठेवलेला स्पीकर छताला गाणे ऐकवतो.

म्हणजे क्रम असा लागला: आधी माणूस कुठे बसणार ते ठरवा, मग स्पीकर कुठे उभे राहणार ते ठरवा, मग तारेचा मार्ग आखा, आणि सर्वांत शेवटी लांबी. आम्ही हा क्रम बरोबर उलटा केला होता.

सुतळीने मोजमाप

आमची बाहेरची खोली १४ फूट रुंद आणि १२ फूट खोल. आजोबांचा पलंग एका लांब भिंतीला मधोमध लागलेला. समोरच्या भिंतीत मधोमध स्वयंपाकघराचे दार, आणि दाराच्या डावीकडे कोपऱ्यात अ‍ॅम्प्लिफायरचे कपाट. सरांनी खडूने जमिनीवर दोन फुल्या मारल्या, दाराच्या डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन फुल्यांमध्ये अंतर ८ फूट. प्रत्येक फुलीपासून आजोबांच्या उशीचे अंतर साडेनऊ ते दहा फूट.

आता तार. कपाटापासून उजव्या फुलीचे सरळ अंतर जेमतेम ३ मीटर. मी म्हटले, "सर, साडेतीन-चार मीटर पुरेल." सरांनी आईकडून सुतळीचा गुंडा मागून घेतला आणि माझ्या हातात दिला. "तार हवेतून उडत जात नाही. ज्या वाटेने ती जाणार त्या वाटेने सुतळी ने," ते म्हणाले.

तेव्हा कळले की मध्ये दार आहे. उंबरठ्यावरून तार नेली तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येणार, आणि एक्याऐंशी वर्षांचा माणूस घरात असताना तो विचारही करायला नको. म्हणून तार चौकटीवरून न्यायची. हिशेब असा झाला: कपाटाच्या फळीवरून जमिनीपर्यंत ०.५ मीटर, भिंतीच्या कडेने चौकटीपर्यंत १.३, चौकटीने वर २, आडवे १, पुन्हा खाली २, तिथून फुलीपर्यंत ०.७, आणि वर स्पीकरच्या जोडणीपर्यंत ०.६ मीटर. एकूण ८.१ मीटर. सरळ अंतराच्या अडीचपटीहूनही जास्त! डाव्या फुलीसाठी हाच हिशेब फक्त १.७ मीटर आला.

याशिवाय दोन्ही टोकांना मिळून पाऊण ते एक मीटर तार मोकळी ठेवावी. झाडलोट करताना स्पीकर सरकवावा लागतो, अ‍ॅम्प्लिफायर पुढे ओढून मागची जोडणी पाहावी लागते. ताणून बसवलेली तार एखाद्या दिवशी धक्क्याने निसटते, किंवा स्पीकरलाच खाली ओढते. म्हणून उजवीकडे ९ मीटर आणि डावीकडे २.५ मीटर असा निर्णय झाला.

दोन्ही तारा सारख्या हव्यात का?

इथे बाबांनी हरकत घेतली. "दोन्ही तारा सारख्याच लांबीच्या पाहिजेत. एक लांब, एक आखूड झाली तर एका बाजूचा आवाज उशिरा येईल. दुकानदारानेही तेच सांगितलं होतं." त्यांच्या मते ९ मीटरच्या दोन तारा घ्यायच्या आणि डावीकडची जास्तीची साडेसहा मीटर कपाटामागे गुंडाळून ठेवायची. हा समज पुष्कळांच्या मनात असतो. त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत, ते सुटे करून पाहू.

पहिला प्रश्न उशिराचा. तारेतून विद्युतसंदेश सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर वेगाने जातो. साडेसहा मीटर जास्तीच्या तारेमुळे होणारा उशीर म्हणजे एका सेकंदाचे तीन कोटी भाग केले तर त्यांतला एक. दोन कानांना पोचणाऱ्या आवाजातला वेळेचा जो अगदी सूक्ष्म फरक चांगल्या कानाच्या माणसाला ओळखता येतो, तो सेकंदाच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास असतो. तारेचा उशीर त्याच्याहूनही सुमारे ३०० पट लहान. दुसऱ्या तऱ्हेने सांगायचे तर, हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. तेवढ्या वेळात तो एका मिलिमीटरचा जवळजवळ नव्वदावा भाग पुढे सरकेल. डोक्याच्या केसाची जाडीही याहून कितीतरी जास्त. आजोबांनी उशीवर मान जराशी कलती केली तरी याच्या हजारो पट फरक पडतो. तेव्हा उशिराची भीती सोडून द्यावी.

दुसरा प्रश्न रोधाचा, आणि तो मात्र खरा आहे. तार जितकी लांब तितका तिचा रोध जास्त. जितकी जाड तितका कमी. स्पीकरच्या पाठीमागे ४, ६ किंवा ८ ओहम असा आकडा छापलेला असतो. तारेचा रोध त्या मानाने वाढला, तर स्पीकरला मिळायची शक्ती वाटेतच उष्णतेच्या रूपाने खर्च होते. शिवाय स्पीकरचा तो आकडा सर्व स्वरांना सारखा नसतो, खर्जात एक तर तार स्वरात दुसरा. म्हणून तारेचा रोध फार झाला तर काही स्वर जास्त दबतात, काही कमी, आणि आवाजाचा पोत बदलतो. व्यवहारातला जुना नियम असा, की तारेचा एकूण रोध स्पीकरच्या आकड्याच्या शेकडा ५ च्या आत ठेवावा. ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहम, ४ ओहमच्या स्पीकरला ०.२ ओहम. यात एक गोष्ट विसरू नये. प्रवाह एका तारेने जातो आणि दुसरीने परत येतो, म्हणून ९ मीटरची जोडतार म्हणजे प्रवाहाच्या लेखी १८ मीटर तांबे.

आपल्याकडच्या विजेच्या दुकानांत लवचिक तार अजूनही "१४/३६", "२३/३६", "४०/३६", "७०/३६" अशा नावांनी मागितली जाते. पहिला आकडा आतल्या बारीक तंतूंची संख्या, दुसरा प्रत्येक तंतूचा गेज. ३६ गेजचा तंतू ०.१९३ मिलिमीटर व्यासाचा. त्यावरून या चार तारांचे छेद अनुक्रमे सुमारे ०.४१, ०.६७, १.१७ आणि २.०५ चौरस मिलिमीटर येतात. तांब्याच्या रोधावरून मी वहीत आकडेमोड केली. ८ ओहमच्या स्पीकरसाठी शेकडा ५ च्या मर्यादेत १४/३६ साडेचार मीटरपर्यंत, २३/३६ साडेसात मीटरपर्यंत, ४०/३६ तेरा मीटरपर्यंत आणि ७०/३६ तेवीस मीटरपर्यंत चालते. स्पीकर ४ ओहमचे असतील तर ही सारी अंतरे निम्मी धरावीत. दहावीनंतर प्रथमच मी पदार्थविज्ञानाचे गणित सोडवले, आणि तेही कुणी परीक्षा घेणार नसताना!

आमचे स्पीकर ८ ओहमचे आणि लांब तार ९ मीटरची. म्हणजे १४/३६ आणि २३/३६ बाद, ४०/३६ पुरेशी. ती घेतली तर ९ मीटर आणि अडीच मीटर या दोन तारांमुळे दोन बाजूंच्या आवाजात किती फरक पडेल, तेही काढले. उत्तर आले ०.२ डेसिबल. डेसिबल हे आवाजाच्या चढउताराचे माप. लक्ष देऊन ऐकणाऱ्याला साधारण एक डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो. हाच फरक १४/३६ ने अर्ध्या डेसिबलच्या वर गेला असता. बाबांची शंका खरी ठरली असती ती अशा बारीक तारेवर. पण त्यावर उपाय आखूड तार लांब करण्याचा नाही, लांब तार जाड घेण्याचा आहे. आखूड तारेला जास्तीची लांबी देणे म्हणजे एक मुलगा लंगडतो म्हणून दुसऱ्यालाही लंगडायला लावण्यासारखे आहे.

सारख्या लांबीच्या तारा घेतल्या तर काही बिघडते का? नाही. उद्या संच दुसऱ्या खोलीत न्यायचा असेल तर जास्तीची तार उपयोगीही पडेल. कपाटामागे गुंडाळी ठेवल्याने आवाज खराब होतो असेही नाही, कारण जोडतारेत जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांच्या उलट असल्यामुळे त्यांचे चुंबकीय परिणाम बहुतांशी परस्परांना मारून टाकतात. फक्त पैसे वाया जातात आणि धूळ साठते. हा हिशेब वहीत पाहिल्यावर बाबा एवढेच म्हणाले, "मग अकरा-साडेअकरा मीटरच घेऊ या." आमच्या घरात वाद संपल्याची ही खूण असते.

अ‍ॅम्प्लिफायर मधोमध का ठेवू नये?

मी एक शहाणपण सुचवून पाहिले होते. टर्नटेबल कपाटात राहू द्यावा आणि अ‍ॅम्प्लिफायर एकटाच खोलीच्या पलीकडे, सोयीच्या जागी न्यावा, म्हणजे स्पीकरच्या तारा आखूड होतील. सरांनी ते खोडून काढले. तबकडीच्या सुईपाशी निर्माण होणारा संदेश व्होल्टच्या काही हजारांश भागांइतका अशक्त असतो. त्याची तार लांब झाली की घरातल्या विजेची घुमघुम त्यात शिरते, आणि तारेच्या स्वतःच्या गुणधर्मामुळे बारीक स्वरही बदलतात. अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडलेला संदेश मात्र सशक्त असतो. म्हणून टर्नटेबल ते अ‍ॅम्प्लिफायर हे अंतर कमीत कमी ठेवावे, आणि लांबी द्यायचीच असेल तर ती स्पीकरच्या तारेला द्यावी.

माझ्या हातून झालेली चूक

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला गेले होते तेव्हा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून मी ४०/३६ ची बारा मीटर तार घेतली. घेताना एका टोकाचे वेष्टण सोलून तंतू पात्याने खरवडून पाहिला. वरून तांबे आणि आतून ॲल्युमिनियम अशा तारा बाजारात सर्रास मिळतात. त्यांचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणजे वरचा सारा हिशेब कोलमडतो. खरवडल्यावर आत पांढुरके दिसले तर समजावे.

घरी येऊन दादाने चौकटीवर प्लॅस्टिकच्या क्लिपा ठोकून तार बसवली. खिळा तारेतून जाऊ नये याची काळजी घेतली, कारण दोन्ही वाहक एकमेकांना चिकटले तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. विजेच्या बोर्डाकडे जाणारी तार जिथे वाटेत आली तिथे आमची तार तिला समांतर न नेता काटकोनात ओलांडली. मध्ये जोड कुठेही दिला नाही.

टोके मात्र मी जोडली आणि तिथे चुकले. तारेचे दोन्ही वाहक दिसायला सारखेच. एकावर बारीक उठलेली रेघ असते, ती खूण. नऊ मीटर लांब तार वळसे घेत गेली आणि पलीकडच्या टोकाला मी रेघेचा वाहक तांबड्याऐवजी काळ्या जोडणीत घातला. संच लावला तर आवाज विचित्र, पोकळ. तबल्याच्या डग्ग्याचा दम गेला आणि गायकाचा आवाज नेमका कुठून येतो ते कळेना. आजोबा काही बोलले नाहीत, पण मान खाली घातली. माझ्या पोटात धस्स झाले.

सरांनी कारण सांगितले. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली की एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो, आणि खर्जाचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. तपासण्याची युक्ती सोपी आहे. तार अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवावी आणि त्या टोकाला घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. धन टोक तांबड्या जोडणीकडे जाणाऱ्या वाहकाला असेल तर स्पीकरचा मोठा शंकू बाहेरच्या बाजूला उचलतो. आमचा उजवा शंकू आत गेला. टोके बदलली. लांब तार असेल तर दोन्ही टोकांना त्याच वाहकावर आधीच तांबडा दोरा बांधून ठेवावा, हा माझा सल्ला.

दाराच्या चौकटीत

सगळे झाल्यावर सरांनी आजोबांना म्हटले, "स्टिरिओ नको, आधी तुमची जुनी, एकेरी ध्वनिमुद्रणाची तबकडी लावा." तिचे कारण असे, की अशा तबकडीतून दोन्ही स्पीकरांना अगदी एकच आवाज मिळतो. मांडणी बरोबर असेल तर तो नेमका मधून आला पाहिजे. मांडणी तपासण्याची याहून स्वस्त कसोटी नाही. आवाज बाजूला सरकला तर आधी दोन्ही अंतरे पुन्हा सुतळीने मोजावीत.

आजोबांनी नाट्यपदांची एक जुनी तबकडी काढली, फडक्याने पुसली आणि स्वतःच्या हाताने सुई ठेवली. मग पलंगावर येऊन बसले. संध्याकाळची वेळ होती. पद सुरू झाले. आम्ही सारे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

थोड्या वेळाने त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केले. दारात कुणीच नव्हते. आई बाजूला सरून उभी होती.

"तिथून येतंय," ते म्हणाले. "तुझी आजी उभी राहायची ना, तिथून."

त्यांच्या उजव्या कानाचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. दोन्ही कान वयाप्रमाणे मंद आहेतच. बारीक घुंगरू, झांज हे त्यांना पूर्वीसारखे ऐकू येत नाही, आणि ते कुठल्याही तारेने परत येणार नाही. पुढेमागे यंत्रही लागेल. पण गाणे आता रोज लागते.

आज ब्लूटूथचे स्पीकर आले आहेत आणि तारांचे हे पुराण कशाला, असे कुणी म्हणेल. तरीही पुष्कळ घरांच्या माळ्यावर, कपाटावर जुने संच धूळ खात पडलेले असतात, आणि ते ऐकणारी माणसे घरात असतात. आपल्याही घरी असा संच असेल तर तो खाली उतरवा. तार आणायला जाण्यापूर्वी मात्र ज्यांच्यासाठी तो लावायचा त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवा, आणि सुतळीचे पहिले टोक त्यांच्या हातात द्या.